कन्सल्टिंगमधलं करिअर (कॉलेजात असताना)

कन्सल्टिंग म्हणजे दुसऱ्या कंपनीचं दुखणं ऐकून घ्यायचं, आकडे मागवायचे, चार लोकांना भेटायचं आणि ठरलेल्या आठवड्यांत 'तुम्ही हे असं करा' असं सांगून बिल लावायचं. कॉलेजातली पोरं "कन्सल्टिंगला जायचंय" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा स्ट्रॅटेजीचं काम असतं, आणि त्यातही मॅकिन्झी, बीसीजी, बेन ही तीनच नावं (तिघांना मिळून एमबीबी म्हणतात). पसारा त्याहून बराच मोठा आहे. डेलॉइट, ईवाय, केपीएमजी, पीडब्ल्यूसी या ऑडिटवाल्या बिग फोर आहेत, टेक्नॉलॉजी कन्सल्टिंग आहे, एचआर, हेल्थकेअर, सरकारी कामं करणाऱ्या छोट्या फर्म आहेत, आणि फ्रेशरला या छोट्या ठिकाणी कधीकधी जास्त शिकायला मिळतं, पण ते कॅम्पसवर कुणी मिरवत नाही.

धंदा जुना आहे. आर्थर डी. लिटल या केमिस्टने १८८६ मध्ये बोस्टनला सुरू केलेली फर्म यातली पहिली मानतात. मॅकिन्झी १९२६ ची, जेम्स मॅकिन्झी हे शिकागो विद्यापीठात अकाउंटिंग शिकवायचे. बीसीजी १९६३ मध्ये ब्रूस हेंडरसनने काढली आणि तिथूनच बाहेर पडून बिल बेनने १९७३ मध्ये आपलं वेगळं दुकान मांडलं. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा माणूस मात्र मार्व्हिन बोवर, जो मुळात वकील आणि पुढे मॅकिन्झीचा प्रमुख. त्याच्या काळात, १९५० च्या दशकात, मॅकिन्झीने इंडस्ट्रीत केस पिकवलेल्या लोकांऐवजी बिझनेस स्कूलमधून नुकतीच बाहेर पडलेली पोरं घ्यायला सुरुवात केली.

आता अनुभव नसलेल्या पोराला कंपन्या एवढे पैसे का देतात हा प्रश्न सगळ्यांना पडतो, आणि उत्तर फर्मच्या गणितात आहे. वर एक पार्टनर, तो काम आणतो, खाली मॅनेजर, त्याच्या खाली दोन-तीन अ‍ॅनालिस्ट, आणि बिल सगळ्या टीमचं लागतं, म्हणजे खालची फळी रुंद असली तरच वरच्याला परवडतं. आणि सगळे वर चढू शकत नाहीत, म्हणून 'अप ऑर आउट': ठरावीक काळात प्रमोशन नाही तर दुसरीकडे बघा. बरेच जण दोन-तीन वर्षांत स्वतःहूनच निघतात, कोणी एमबीएला, कोणी स्टार्टअपमध्ये, कोणी क्लायंटकडेच.

प्रवेशाची खरी परीक्षा म्हणजे केस इंटरव्ह्यू. समजा समोरचा म्हणतो, "एका जिमचे मेंबर वाढलेत पण नफा घटलाय, का?" कच्चा उमेदवार लगेच "मार्केटिंग कमी पडत असेल" असं ठोकून देतो. मेंबर वाढलेत हे त्याने ऐकलेलंच नसतं. तयार उमेदवार मिनिटभर वेळ मागतो, कागद आडवा धरतो, नफ्याच्या दोन फांद्या काढतो, उत्पन्न आणि खर्च, मग उत्पन्नाच्या पुन्हा दोन, मेंबर किती आणि सरासरी फी किती, आणि आकडे मागतो. मेंबर १००० वरून १३०० झाले, पण डिस्काउंटमुळे फी १०० वरून ७५ वर आली. म्हणजे आधी १,००,००० येत होते, आता ९७,५००. गर्दी वाढली, गल्ला घटला, वर जास्तीच्या मेंबरांसाठी दोन ट्रेनर ठेवलेत ते वेगळंच. फांद्या एकमेकींवर चढू नयेत आणि काही सुटूही नये, या नियमाला मीसी म्हणतात, हा शब्द मॅकिन्झीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांच्यामुळे रूढ झाला. फ्रेमवर्क (अशा फांद्यांचे तयार साचे) पाठ करून येणारे पण खूप असतात आणि ते लगेच ओळखू येतात, कारण प्रश्न कुठलाही असो, झाड तेच.

माझ्या मते हे आवडतं का ते बघायला नोकरी लागेपर्यंत थांबायची गरजच नाही. एका मित्राला समोर बसवून दहा-बारा केस करून बघा, धूसर प्रश्नाचे तुकडे पाडताना मजा आली तर पुढे जा, आणि तिसऱ्या केसलाच जांभया आल्या तर नुसत्या नावासाठी जाऊ नका. कॉलेजच्या कन्सल्टिंग क्लबात एखाद्या छोट्या संस्थेचा खरा प्रोजेक्ट मिळतो, तो स्पर्धेतल्या सर्टिफिकेटपेक्षा कामाचा. शेवटच्या वर्षाआधीच्या सुट्टीतली इंटर्नशिप सगळ्यात मोठा दरवाजा, तिथूनच बऱ्याच जणांना पक्की ऑफर येते. अर्ज मात्र कित्येक महिने आधी बंद होतात, तिथेच निम्मी पोरं गाफील राहतात. ब्रांच कुठली हे फारसं बघत नाहीत, इंजिनिअर, इकॉनॉमिक्सवाले, इतिहासवाले सगळे घेतात, चांगले मार्क असणं आणि आकड्यांची भीती नसणं एवढं पुरतं पहिल्या गाळणीला.

सिनियरशी बोलायला मिळालं तर "कल्चर कसंय?" विचारू नका, सगळे छानच सांगतात. "गेल्या मंगळवारी दिवसभर काय केलंस?" असं विचारा. मग कळतं की सकाळ क्लायंटने पाठवलेली एक्सेल साफ करण्यात गेली, ज्यात एकाच शाखेचं नाव तीन प्रकारे लिहिलं होतं, दुपारी त्यावरून दोन स्लाइड झाल्या, आणि रात्री अकराला मॅनेजरचा मेसेज आला की दुसरी स्लाइड नको, पहिलीचं हेडिंग बदल.