सरकणाऱ्या पाइपचं ड्रॉइंग देण्याआधी
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कपाशीच्या तासांत डवरा चालवायचा तर फ्रेम रुंद लागते, सोयाबीनला तीच आखडावी लागते. म्हणून पाइपात पाइप सरकणाऱ्या फ्रेमचं काम आमच्याकडे सतत असतं. आता बरेच ग्राहक फ्यूजन या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग करून आणतात. त्यातला सरकणारा भाग जॉइंटने (भाग कसा हलेल ते ठरवणारी सॉफ्टवेअरमधली जोडणी) बांधून, कॉम्प्युटरवर सरकवून पाहिलेला असावा, एवढी आमची विनंती आहे. पाइपला भोकं पडल्यावर चूक दिसली तर तो पाइप वाया जातो.

खालचं उदाहरण असं: बाहेरचा पाइप ५०×५०×३ मिमी, आतला ४०×४०, दोन्हींची लांबी ६०० मिमी.

जॉइंट कसा लावायचा

दोन्ही पाइप वेगवेगळे कंपोनंट (स्वतंत्र हलू शकणारे भाग) करा. नुसत्या बॉडीला (कंपोनंट न केलेल्या आकाराला) जॉइंट लागत नाही. बाहेरचा पाइप ग्राउंड करा, म्हणजे जागेवर पक्का करा, नाहीतर आतला ओढायला जाल आणि अख्खी फ्रेम सरकेल. मग जॉइंटसाठी कीबोर्डवर J हे अक्षर दाबा. आधी आतल्या पाइपचं आत राहणारं टोक निवडा, नंतर बाहेरच्या पाइपचं तोंड. आधी निवडलेला भाग नंतरच्याकडे जातो, म्हणून क्रम बदलू नका. दोन्हीकडे चौकोनाचा मध्यच पकडायचा. तो सापडत नसेल तर टोकावर स्केच घेऊन कर्ण काढा आणि छेदबिंदू वापरा. कडेचा बिंदू पकडला गेला तर आतला पाइप बाहेरच्याच्या भिंतीत घुसतो, आणि सॉफ्टवेअर काहीच बोलत नाही.

प्रकार स्लायडर (फक्त सरळ रेषेत सरकणारा जॉइंट) निवडा आणि अक्ष पाइपच्या लांबीचा घ्या. पाइप उलटा बसला तर फ्लिप करा. गोल पाइपला मात्र सिलिंड्रिकल जॉइंट लागतो, कारण तो सरकतो तसा फिरतोही. तिथे स्लायडर लावलात तर स्क्रीनवर सगळं सरळ दिसेल, शेतात फण फिरेल.

मर्यादा टाकल्याशिवाय जॉइंट अर्धाच

स्लायडर फक्त दिशा ठरवतो, कुठे थांबायचं ते ठरवत नाही. मर्यादा टाकल्या नाहीत तर पाइप तोंडातून पूर्ण बाहेर येतो किंवा मागच्या प्लेटच्या आरपार जातो. वर सांगितल्याप्रमाणे बिंदू निवडले की जॉइंटचा आकडा म्हणजेच पाइप आत किती आहे ते माप. एडिट जॉइंट लिमिट्समध्ये मिनिमम १५० आणि मॅक्सिमम ४५० टाका. आकडा वजा दिसला तर -४५० ते -१५०. सरक ३०० मिमी मिळते, आणि पूर्ण ओढल्यावरही १५० मिमी आत राहतो. या मापाच्या फ्रेमला १५० पेक्षा कमी पकड आम्ही देत नाही.

पिनेचं भोक बाहेरच्या पाइपला एकच, तोंडापासून ५० मिमीवर. आतल्या पाइपला आतल्या टोकापासून १०० मिमीवर पहिलं, पुढे दर ५० ला एक, शेवटचं ४०० वर. एकूण ७ भोकं. जॉइंटचा आकडा १५०, २००, २५० असा बदलत जा आणि प्रत्येक वेळी भोकं एका रेषेत येतात का ते पाहा. १२ मिमी पिनेला भोक १३ चं ठेवा.

डावी-उजवी बाजू सारखीच उघडायची असेल तर दोन स्लायडरांना मोशन लिंक लावा, म्हणजे एक सरकला की दुसराही सरकतो. दोन पाइप एकाच आडव्या पट्टीला जोडलेले असतील तर स्लायडर एकच लावा आणि दुसरा पाइप त्या पट्टीला रिजिड (न हलणारा) करा. दोन्हीकडे स्लायडर लावले आणि पाइप जरा जरी समांतर नसले, तर जॉइंट एकमेकांशी भांडतात आणि एरर येते.

स्क्रीनवर न दिसणारी ढिलाई

५० च्या पाइपात आतून ४४ जागा असते. ४० चा पाइप घातला की एकूण ४ मिमी मोकळे राहतात. जॉइंट पाइपला बरोबर मध्यावर धरून ठेवतो, म्हणून हा ढिलेपणा मॉडेलमध्ये कधीच दिसत नाही. पूर्ण ओढल्यावर १५० मिमी आत आणि ४५० मिमी बाहेर, म्हणजे तिप्पट. म्हणून ४ मिमीची ढिलाई टोकाला सुमारे १२ मिमी होते. ओळीशेजारून चालणाऱ्या फणाला एवढं हलणं परवडत नाही, रोप कापलं जातं. वर आणि खाली १.६ मिमी पत्र्याची पट्टी लावली की मोकळी जागा ०.८ राहते आणि टोकाचं हलणं अडीच मिमीच्या आत येतं. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीची पट्टी लावली तरच मध्य जागेवर राहतो. एकाच बाजूला लावायची असेल तर जॉइंटला पट्टीच्या जाडीच्या निम्मा ऑफसेट द्या, म्हणजे मध्य तेवढा सरकवा.

पाइपच्या आत वेल्डची शिवण असते, ती पट्टी नसलेल्या बाजूला ठेवा. पट्ट्या कापण्याआधी हातातला पाइप व्हर्नियरने मोजा. बाजारातला ३ मिमी नेहमी पुरता ३ भरत नाही. काळी माती ओली असताना पाइपात ठासते आणि सुकल्यावर सुटत नाही. म्हणून बाहेरच्या पाइपच्या मागच्या टोकाला, खालच्या बाजूला २० मिमीचं भोक आमच्याकडून पडेलच, तुमच्या ड्रॉइंगमध्ये नसलं तरी.

फाइल देताना

स्टेप फाइलमध्ये (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल) जॉइंट येत नाहीत, आकार तेवढे येतात. म्हणून फ्यूजनची मूळ फाइल द्या. फ्रीकॅड या फुकट सॉफ्टवेअरवर काम करत असाल तर १.० आवृत्तीपासून असेंब्ली (भाग जोडण्याची सोय) त्यातच आहे आणि तिथेही स्लायडर जॉइंट मिळतो. ती फाइलही चालेल. सोबत दोन चित्रं हवीत, एक पूर्ण बंद आणि एक पूर्ण उघडं, दोन्हींवर आत किती मिमी आहे ते लिहिलेलं. कागदावर पेन्सिलीने काढून आणलंत तरी काम होईल. मापं मात्र याच दोन स्थितींची द्या.