पार्श्वभूमी: हरिहरचा कडा, ‘स्कॉटिश’ हे नाव आणि काकांची पिढी

नाशिकमधले एक ज्येष्ठ प्रस्तरारोहक नुकतेच वारले. वय 76. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत त्यांची ओळख ‘स्कॉटिश कडा सर करणारे ट्रेकर’ अशी छापून आली. शोकसभेत, नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर किल्ल्याच्या त्या कड्याच्या पायथ्याशी त्यांच्या नावाची पाटी बसवावी, अशी सूचनाही झाली. सूचना प्रेमापोटीच आली होती, पण बातमीतल्या त्या एका ओळीत दोन गफलती आहेत. पाटीचा विषय मिटायच्या आत त्या दूर व्हाव्यात, म्हणून हे टिपण.

आधी ‘ट्रेकर’. डोंगर पायी फिरणारा तो ट्रेकर. कातळावर दोर, मेखा (भेगेत ठोकायच्या लोखंडी खुंट्या) आणि हातापायांच्या बळावर टप्प्याटप्प्याने चढणारा तो प्रस्तरारोहक. काका (त्यांच्याहून लहान सगळे त्यांना काकाच म्हणत) दोन्ही होते, पण हयात घालवली ती कातळावर.

आपल्या भागात कातळाला तोटा नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, त्यामुळे सरळसोट कडा, मग गवताळ उतार, पुन्हा कडा अशी इथली ठेवण. ग्रॅनाइटसारख्या लांब सलग भेगा या दगडात क्वचितच मिळतात, आणि भरवशाने धरलेली कपार निखळून हातात येते. त्यात 1818 ची भर पडली. किल्ले घेतल्यावर इंग्रजांनी अलंग-मदनसारख्या गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. तुटलेल्या वाटेच्या जागी कातळटप्पा उरला, आणि पुढे डोंगर फिरणाऱ्यांच्या हाती दोर आला तो असेच टप्पे ओलांडण्यासाठी. हरिहरच्या पायऱ्या मात्र वाचल्या. त्या पाहून इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांना शिडीखेरीज दुसरी उपमा सुचली नव्हती.

काकांची पिढी तयार झाली 1970 ते 1990 या काळात. दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था 1954 पासून आणि उत्तरकाशीची 1965 पासून चालू होती, पण कारखान्यातून महिनाभराची रजा मिळणे कठीण, त्यामुळे तिथपर्यंत मोजकेच पोचले. बाकीचे एकमेकांकडूनच शिकले. काका सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. मेखा ते स्वतः घडवत. लोखंडी पट्टी तापवायची, एक टोक ठोकून निमुळते करायचे, दुसऱ्या टोकाला कॅराबिनर (दोर अडकवायची उघडझाप होणारी कडी) जाईल एवढे भोक पाडायचे आणि त्याची कड कानशीने गुळगुळीत करायची, म्हणजे दोर कापला जात नाही. त्यांची एक मेख माझ्याकडे आहे. डोक्यावर हातोडीचे घाव बसून कड बाहेर वळली आहे, पण भोकाची आतली कड अजून बोटाला लागत नाही. कॅराबिनर बहुधा हिमालयातल्या मोहिमांनी मागे ठेवलेले, हातोहात फिरत आलेले. कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा, म्हणजे हार्नेस, पुष्कळ नंतर आला. तोवर दोर कमरेलाच बांधायचा, बोलाइन गाठ मारून, आणि बिले, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणे, तोही पाठीवरून दोर घेऊनच द्यायचा. लीड घेणारा, म्हणजे सर्वांत पुढे चढणारा, पडला तर खालच्याच्या पाठीवर आडवा वळ उठे. शनिवारी रात्री नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकावरून शेवटची एसटी, देवळात मुक्काम, पहाटे कातळ, सोमवारी पहिली पाळी.

आता ‘स्कॉटिश’. पायथ्याच्या निरगुडपाडा गावाच्या बाजूने हरिहर पाहिला की पायऱ्यांकडे नजर जाते, तसाच सुमारे 170 मीटरचा एक सलग कडाही डोळ्यांत भरतो. नोव्हेंबर 1986 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट यांनी तो चढला. दोन दिवस लागले. त्यांच्या आडनावावरून तो ‘स्कॉटचा कडा’ झाला, आणि तोंडोतोंडी फिरता फिरता ‘स्कॉटिश कडा’. आता पुस्तिकांत, सहलींच्या जाहिरातींत सगळीकडे हेच रूप दिसते. नवी मुले विचारतात, इथे स्कॉटलंडचे लोक आले होते का?

स्कॉट इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे. 24 सप्टेंबर 1975 रोजी एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून ते माथ्यावर पोचले आणि उतरताना दक्षिण शिखराजवळ बर्फात खड्डा खणून त्यांनी ऑक्सिजनशिवाय रात्र काढली. त्या चढाईतले त्यांचे जोडीदार डूगल हॅस्टन मात्र खरेच स्कॉटलंडचे. ते जानेवारी 1977 मध्ये हिमप्रपातात गेले, म्हणजे हरिहरच्या चढाईच्या जवळजवळ दहा वर्षे आधी. त्याच 1977 च्या जुलैमध्ये काराकोरममधल्या ओगर शिखरावरून उतरताना स्कॉट यांचे दोन्ही पाय मोडले आणि ते गुडघ्यांवर रांगत तळावर आले. काका ही हकीगत प्रत्येक नव्या तुकडीला सांगत. ज्या माणसाबद्दल इतके सांगायचे, त्याचे आडनाव तरी नीट घ्यावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

काहींना हा शब्दांचा कीस वाटतो. रूढ झालेले नाव तेच खरे, असा त्यांचा मुद्दा. गावांची नावेही अशीच बदलत आली, हे मला मान्य आहे. पण प्रस्तरारोहणात वाटेचे नाव म्हणजे नोंद असते. कोण, कधी, कुठून चढले, हे पुढच्याला नावातूनच कळते. ‘स्कॉटिश’ म्हटले की माणूस पुसला जातो आणि देश उरतो, तोही चुकीचा. आणि आज आपण त्याच कड्याखाली तिसऱ्याच माणसाची पाटी लावायला निघालो, तर ती चढाई पहिल्यांदा काकांनी केली असा समज पसरायला दोन पावसाळेही लागणार नाहीत. काकांनी तो कडा चढला तो 1986 नंतर, तीन हिवाळ्यांत, तुकड्यातुकड्याने. पहिल्या चढाईचा दावा त्यांनी कधीही केला नाही.

पाटीला दुसरीही अडचण आहे. ती बसवायला कातळात बोल्ट ठोकावे लागतील. या दगडात मेख बसेल अशी भेग नसली की बोल्टला पर्याय नसतो, हे काकांनाही मान्य होते. पण हाताने पंच फिरवत, हातोडी मारत एक भोक पाडायला अर्धा तास मोडायचा, त्यामुळे जिथे खरेच अडले तिथेच बोल्ट पडे. बॅटरीवरची ड्रिल मशीन आली आणि हा हिशेब संपला. कड्याला जपायची काकांची सवय इतरत्रही दिसे. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. विणीच्या हंगामात तिकडे दोर लावायचा नाही, हा नियम काकांनी कोणी सांगायच्या आधीपासून पाळला.

गेल्या काही वर्षांत चित्र झपाट्याने पालटले. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी हरिहरच्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी रांगा लागल्या. टोकियो ऑलिंपिकपासून स्पोर्ट क्लाइंबिंग पदकाचा खेळ झाला आणि मुले कृत्रिम भिंतीवर चढायला शिकू लागली. राज्याचे साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आले. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आपल्या जिल्ह्यातला साल्हेर आहे. किल्ल्याच्या दगडाला हात लावण्याआधी विचार करायला आता सगळ्यांनाच कारण मिळाले आहे.

पाटीचा निर्णय अजून झालेला नाही. घरच्यांनी काकांच्या वह्या पाहायला दिल्या आहेत. नव्वदच्या आसपासच्या एका वहीत त्या कड्याची नोंद सापडली. ना स्कॉट, ना स्कॉटिश. पेन्सिलीने एवढेच लिहिले आहे: ‘हरिहर, मोठा कडा. वारा फार. दुसऱ्या टप्प्यावरून परत.’