लायडनचा आकडा आणि बडोद्याचे काका

बडोद्यात रावपुऱ्याच्या किंवा दांडिया बाजारच्या एखाद्या मराठी घरात काकांच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, की अमेरिकेतल्या लेकीचा फोन ठरलेला: "बाबांची फॅक्टर फाइव्ह लायडनची तपासणी केली का? दर पाच रुग्णांत एकाला हा जनुकदोष असतो म्हणे." लेकीनं वाचलंय ते खोटं नाही. पण तो आकडा युरोपीय वंशाच्या रुग्णांचा आहे.

फॅक्टर फाइव्ह हे रक्त गोठायला मदत करणारं प्रथिन. काम झालं की त्याला आवरावं लागतं. प्रोटीन सी नावाचं दुसरं प्रथिन कात्रीसारखं त्याला ठरावीक जागी कापतं. काही रुग्णांच्या रक्तावर ही कात्री चालत नाही, असं स्वीडनचे संशोधक डालबेक यांनी १९९३ मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या लायडन शहरात बर्टिना यांच्या गटानं कारण शोधलं: जनुकातलं एकच अक्षर बदललेलं, त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत ५०६व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन. कात्रीची नेमकी तीच जागा! कापणं बंद पडत नाही, पण फार मंदावतं.

हा बदल बहुधा एकाच पूर्वजात, वीस-तीस हजार वर्षांपूर्वी झाला. म्हणून त्याचा पसारा इतका असमान आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण पाच टक्के वाहक, म्हणजे हा दोष अंगी असलेले; चीन-जपानकडे आणि आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांत जवळजवळ नाहीच. भारतात तो आहे, पण युरोपपेक्षा बराच कमी, आणि अर्थातच गुठळीच्या रुग्णांतही कमी. त्याच्या जोडीनं तपासला जाणारा प्रोथ्रॉम्बिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाचा, जनुकदोष तर आपल्याकडे क्वचितच सापडतो. तरी तपासण्यांच्या पॅकेजमध्ये दोन्हींचे पैसे घेतले जातात, ते सोडा.

खरी गफलत पुढे होते. पाच रुग्णांत एक वाहक, याचा अर्थ पाच वाहकांत एक रुग्ण असा नव्हे. शिरेतली गुठळी वर्षाला हजारात साधारण एकाला होते. आई किंवा वडील, एकाकडूनच दोष आला असेल तर धोका तीन ते पाच पट धरतात. तरीही वर्षअखेर हजारातले नऊशे पंच्याण्णव वाहक ठणठणीत! दोघांकडूनही आला तर मात्र धोका बराच वाढतो, आणि वाहक बाई गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तेव्हाही तो वाढतो.

आपल्याकडच्या गुठळ्यांची कारणं शोधायची तर आधी साध्या गोष्टी विचाराव्यात. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं का? कॅन्सर? अंथरुणाला खिळलेले होते? नातवंडासाठी अमेरिकेला जाताना विमानात पंधरा तास खुर्चीतून उठलेच नाहीत? बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरांत होणारी गुठळी भारतात पूर्वापार दिसत आली आहे. बाळंतिणीला पाणी बेतानं द्यायची जुनी रीत त्याला हातभार लावत असावी, असा डॉक्टरांचा संशय.

ऑपरेशनसारखं ठळक कारण समोर असेल, तर ही तपासणी करूच नये, असं अमेरिकेतली रक्तविकारतज्ज्ञांची संघटनाच सांगते, कारण निकाल काहीही आला तरी उपचार बदलत नाहीत. कमी वयात, कारणाशिवाय, किंवा घरात दोघातिघांना गुठळी झाली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही वेळ पाहावी लागते. जनुक कधीही तपासा, तेच उत्तर येईल. पण सोबत मोजली जाणारी प्रोटीन सी आणि त्याचं मदतनीस प्रोटीन एस यांची पातळी ताज्या गुठळीत किंवा वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध चालू असताना खाली जाते, आणि नसलेला दोष रिपोर्टात उमटतो.