गिरगाव आणि गिरणगाव: मधल्या एका 'ण'चा फरक

इंग्रजीत 'Girgaon' टाइप करताना मध्ये 'an' घुसलं की चर्नी रोडचा माणूस चिंचपोकळीत जाऊन पोचतो. पण ही दोन नावं एका कुळातली नाहीत.

गिरगावचं मूळ सहसा 'गिरिग्राम' असं सांगतात. मलबार हिलच्या पायथ्याचं गाव. ते पटतंही, कारण आसपासची नावं अजून शहर व्हायच्या आधीचीच आहेत: फणसवाडी, आंबेवाडी, मुगभाट. आता तिथे फणस नाही नि मूगही नाही, चाळी आहेत. १८९३ सालचा सार्वजनिक गणपती इथल्याच केशवजी नाईकांच्या चाळीतला. 'गिरगावकर' म्हटलं की चाळीतलं मध्यमवर्गीय, नोकरदार घर डोळ्यांसमोर येतं.

गिरणगाव मात्र कुठलं जुनं गाव नव्हे. पत्त्यावर हे नाव कुणी घालत नाही, या नावाचं स्टेशनही नाही. तिथला माणूस 'मी लालबागचा', 'मी परळचा' असंच सांगतो. कापडगिरण्यांभोवती वसलेल्या परळ, लालबाग, वरळी, शिवडी या सगळ्या पट्ट्याला मिळून हे नाव पडलं. गंमत म्हणजे १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी काढलेली मुंबईतली पहिली कापडगिरणी ताडदेवची, म्हणजे गिरगावपासून फार लांब नाही.

या नावात 'गाव' आहे ते मला नेमकं वाटतं. कोकणातून, घाटावरून आलेले गडी एका खोलीत दाटीवाटीनं राहायचे. पहिल्या पाळीचा उठून भोंग्याला निघाला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खानावळीत, पगार मनीऑर्डरनं गावाकडे. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. तेव्हापासून 'गिरणगाव' हा शब्द उच्चारला की त्यात थोडी हळहळ येतेच. बिल्डरांना ती नको असावी. लोअर परळला त्यांनी जाहिरातीत 'अप्पर वरळी' करून टाकलं!

वर्षातून एकदा ही दोन्ही नावं जोडली जातात. अनंत चतुर्दशीला लालबागचा राजा निघतो तो गिरणगावातून, आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर कधीतरी पोचतो गिरगाव चौपाटीला.