हरकतींमागचा इतिहास: पुण्याचे पाणी, शेतजमीन आणि नगररचनेचे नियम

पुणे परिसरात नगररचनेच्या नियमांतील बदलांना होणारा विरोध कोणत्याही एका मसुद्यापुरता मर्यादित नाही. शेतजमीन बिगरशेती करण्यासाठी पूर्वी महसूल खात्याची परवानगी लागे आणि त्या निमित्ताने इतर खात्यांचे अभिप्रायही मागवले जात. ही पद्धत जाचक होती आणि चिरीमिरीला तिच्यात भरपूर वाव होता, हे मान्यच केले पाहिजे. पण ओढा कुठून वाहतो, इमारतीला पाणी कुठून मिळणार, सांडपाणी कुठे सोडणार, हे विचारण्याची संधीही तिथेच मिळत असे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत 2014 साली 42-अ हे कलम आले आणि विकास आराखड्यातील भोगवटादार वर्ग-1 च्या (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता येणाऱ्या मालकीच्या) जमिनींसाठी ही परवानगी उरली नाही. पुढे 42-ड कलमाने गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंतच्या जमिनींची वाट मोकळी केली, तर डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने (बांधकामाच्या नियमांच्या संचाने) वाढीव चटईक्षेत्राची, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची, सोय केली.

पाणी मात्र त्या प्रमाणात वाढले नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित साठवण सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. मुख्यतः हेच पाणी शहर पिते आणि कालव्यातून दौंड-इंदापूरची शेतीही त्यावरच भिजते. शहराची मागणी वाढली की आवर्तनाचा, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाणी सोडण्याच्या पाळीचा, वाद पेटतो. मुंढव्याहून प्रक्रिया केलेले सांडपाणी कालव्यात सोडून शेतीला मोबदला देण्याची योजना आहे, पण त्या पाण्याच्या दर्जाबद्दल शेतकऱ्यांची तक्रार कायम आहे. 2021 साली पुणे महापालिकेत आलेल्या नांदेड, किरकटवाडी या गावांच्या परिसरात 2025 च्या आरंभी गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले, तेव्हा विहिरीच्या पाण्याकडे बोट दाखवले गेले. घरे आधी आणि जलशुद्धीकरण नंतर, हा क्रम तिथे सर्वांसमोर आला.

बिगरशेतीची चौकशी गेल्यावर आक्षेप घेण्याचे मुख्य ठिकाण उरले ते 1966 च्या नगररचना अधिनियमाने दिलेल्या हरकती-सूचनांचे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या 2021 च्या प्रारूप आराखड्यावर सुमारे 67 हजार हरकती आल्या त्या यामुळेच, असे माझे मत आहे. अर्थात त्यांत सार्वजनिक कामांसाठी जमिनीवर टाकलेले आरक्षण उठवा म्हणणारे जमीनमालकही होतेच. राज्य सरकारने 2025 मध्ये तो आराखडा रद्द केला. त्यामुळे प्राधिकरणाच्या मोठ्या क्षेत्रात 1997 ची प्रादेशिक योजना आणि 2020 ची नियमावली यांच्याच आधारे बांधकाम परवानग्या दिल्या जात राहिल्या.