कॉइल नेमकी कुठे धरायची? डीपर्सनलायझेशनवरील टीएमएसची पार्श्वभूमी

‘डीपर्सनलायझेशन’ (आपण स्वतःपासूनच तुटलो आहोत असे वाटत राहणे) हा शब्द मानसोपचारात १८९८ मध्ये आला, तोही एका स्विस तत्त्वज्ञाच्या रोजनिशीतून उचललेला. त्याचा कप्पा मात्र बराच काळ ठरेना. अमेरिकन वर्गीकरणाने १९८० मध्ये तो डिसोसिएटिव्ह (भान, स्मृती किंवा ‘मी’पणाची जाणीव तुटण्याच्या) विकारांत घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणाने ‘इतर न्यूरॉटिक विकारां’त टाकला आणि आयसीडी-११ ने पुन्हा डिसोसिएटिव्ह विकारांत आणला.

टीएमएसचे, म्हणजे डोक्यावर धरलेल्या कॉइलच्या चुंबकीय स्पंदांनी मेंदू उद्दीपित करणारे यंत्र १९८५ चे, इंग्लंडमधल्या शेफील्डचे. नैराश्यासाठी अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली ती कपाळाच्या डाव्या बाजूला, सेकंदाला १० स्पंदांची. डीपर्सनलायझेशनमध्ये सगळे उलट: उजवी बाजू, सेकंदाला एकच स्पंद, म्हणजे तो भाग मंदावणारा.

पण कोणता भाग? खरा वाद इथेच आहे. १९९८ च्या एका मांडणीनुसार मेंदूचा कपाळामागचा भाग भावनांना वाजवीपेक्षा जास्त दाबतो. म्हणजे त्यालाच मंदावायला हवे. २००२ मध्ये जिनिव्हात एका अपस्मार-रुग्णाच्या उजव्या अँग्युलर गायरसला (मेंदूच्या बाजूच्या भागातली एक वळी) विद्युत-उद्दीपन दिल्यावर ‘शरीराबाहेर गेल्या’चा अनुभव आला, आणि कानामागचा टेम्पोरो-परायटल सांधा दावेदार ठरला. २०११ मध्ये या सांध्यावर १२ रुग्णांना तीन आठवडे उपचार दिले, सहा सुधारले. २०१४ मध्ये लंडनला १७ रुग्णांवर कपाळाकडची आणि कानामागची अशा दोन्ही जागा एकेका सेशनने (१५ मिनिटे, ९०० स्पंद) तपासल्या. लक्षणे दोन्हीकडे उतरली, त्वचेची विद्युत-वाहकता (घामावरून भावनिक उत्तेजनेचा अंदाज देणारे माप) मात्र फक्त कपाळाकडच्या जागेवर वाढली. तेवढ्यावर २०१६ मध्ये सात रुग्णांना तिथेच वीसपर्यंत सेशन दिले. सहांना कमीअधिक फायदा झाला. आमच्या मते हा कौल घाईचा होता. रुग्णाला वाटणारा फरक दोन्हीकडे असताना घामाच्या मोजमापाने जागा ठरवली गेली.

बनावट कॉइलची तुलना यांपैकी एकातही नव्हती, आणि ती सोपीही नाही. भुवईच्या बाजूला कॉइल धरली की कपाळाचे स्नायू उडतात, पापणी लवते, कधी दातात झिणझिणते. नुसती टिकटिक करणारी कॉइल रुग्ण लगेच ओळखतो.

मात्रेतही खोट आहे. दहापैकी पाच वेळा ५० मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद देणारी किमान तीव्रता म्हणजे मोटर थ्रेशोल्ड, आणि ती मोजतात हाताच्या स्नायूवर. कपाळाशी कवटीपासून मेंदूपर्यंतचे अंतर वेगळे असते, त्यामुळे ‘थ्रेशोल्डच्या ११० टक्के’ लिहिले तरी दोन जागांना सारखाच डोस पोचतो असे नाही. कॉइल जरा कलली तरी तो आणखी घटतो.