लोकताकचं पाणी ओसरायचं थांबलं तेव्हापासून

मणिपूरच्या लोकताक सरोवराला पूर नवा नाही. ‘लोक’ म्हणजे ओढा आणि ‘ताक’ म्हणजे शेवट. डोंगरातलं पाणी इथं येऊन विसावतं, हे नावातच आलं. पावसाळ्यात सरोवर फुगायचं, उन्हाळ्यात ओसरायचं. आजच्या दुखण्याचं मूळ या ओसरण्यात आहे.

सरोवराच्या आग्नेय कडेला सुमारे ४० चौरस किलोमीटरचं केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातला बराचसा भाग म्हणजे फुमदी: गवत, मुळं, कुजलेला पाला आणि माती एकमेकांत गुंतून झालेला तरंगता थर. त्यावर पाऊल टाकलं की तो गादीसारखा दबतो. थर कितीही जाड असला तरी त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा पाण्यावर दिसतो. याच थरावर संगाई हरणं चरतात. १९५१ मध्ये ही हरणं नामशेष झाली असं मानलं गेलं होतं. दोन वर्षांनी निसर्ग-अभ्यासक ई. पी. जी यांना ती इथंच पुन्हा सापडली. १९६६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. १९७५ च्या हवाई मोजणीत अवघी १४ हरणं भरली, आणि १९७७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं.

सहाच वर्षांनी, १९८३ मध्ये, मणिपूर नदीवरचं इथाई बॅरेज, म्हणजे दरवाजांचा बंधारा, सुरू झालं. १०५ मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाला बारमाही पाणी हवं, म्हणून सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ७६८ मीटरच्या आसपास धरून ठेवली जाऊ लागली. फुगवट्यात काठची शेतं बुडाली. नदीतून वर येणाऱ्या माशांची वाटही अडली.

उद्यानाचं नुकसान मात्र चटकन नजरेला पडत नाही, आणि मला तेच जास्त गंभीर वाटतं. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकायची. मुळं गाळात शिरून पोसायची, आणि पाऊस आला की थर पुन्हा वर यायचा. आता तिला वर्षभर अधांतरी राहावं लागतं. ती पातळ होते, तुकडे सुटून वाहून जातात, उरलेल्या थराला हरणाचा भार पेलत नाही. पाणी चढलं की उद्यानातल्या पाबोत, तोया आणि चिंगजाओ या टेकड्यांचाच काय तो आसरा.

पुढे कागदावर बरंच घडलं. १९८६ मध्ये लोकताक विकास प्राधिकरण, १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींची रामसर यादी, १९९३ मध्ये त्याच यादीतल्या धोक्यातल्या पाणथळींची माँट्रो नोंद, २००६ मध्ये स्वतंत्र कायदा. शिकारीला आळा बसला. २०१६ च्या मोजणीत २६० संगाई मोजली गेली. पण उद्यानातली पाण्याची पातळी उद्यानाच्या हातात नाही, ती ठरते बॅरेजच्या दरवाजांवर. कोरड्या महिन्यांत काही काळ तरी पाणी उतरू द्यावं, ही मागणी त्यातूनच आली. आणि नेमक्या त्याच महिन्यांत टर्बाइन फिरवायला साठलेलं पाणी लागतं.